नकाशाही हवा, पृथ्वीगोलही हवा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर आज भांडायलाच बसले आहे. ज्यांना कॉम्प्युटर गेम या विषयात रस नाही त्यांनी इथूनच रजा घेतली तरी माझी हरकत नाही. पण थांबलात तर बरं. विषय गेमचा असला तरी भांडण घरातलं आहे.

नातेवाइकांना ठाऊक आहे, नव्या वाचकांसाठी सांगते. मी शाळेत भूगोल शिकवत असे. वय चौऱ्याहत्तर. आणि गेली चार वर्षं मी विमान चालवते! म्हणजे कॉम्प्युटरवर. नातू नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा त्याने त्याचा जुना पीसी, जॉयस्टिक आणि एक व्हीआर हेडसेट माझ्या खोलीत लावून दिला. मग दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तो तिकडून आणि मी इकडून, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आपापलं छोटं सेसना विमान घेऊन बरोबर उडायचो. पुण्याहून निघायचं, महाबळेश्वरवरून घाट ओलांडायचा आणि रत्नागिरीला उतरायचं. सेसनाच्या वेगाने तासाभराचा रस्ता. "आजी, डावीकडे बघ, शिवसागर." "अरे बघितला. तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते मी त्याला." जेवलास का, पगार वेळेवर होतो का, ही चौकशीही त्यातच उरकायची. फोनवर आमचा नातू 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांवर भागवतो. विमानात मात्र बोलतो.

दोन महिन्यांपूर्वी हे थांबलं. त्याच्या मित्रमंडळींनी एक नवा गेम घेतला, तो फक्त व्हीआरमध्ये चालतो. (नाव सांगत नाही, त्या गेमशी माझं वैयक्तिक वैर नाही.) रविवारची वेळ तिकडे गेली. "आजी, तूही ये की, हेडसेट आहेच तुझ्याकडे," असं त्याने आग्रहाने सांगितलं. गेले. बारा मिनिटं टिकले. मग हेडसेट काढून पलंगाची कड धरून बसले, आणि आमच्या ह्यांनी लिंबाचं सरबत आणून दिलं.

मला व्हर्टिगोचा त्रास आहे. मान एकदम वळवली की खोली फिरते. आतल्या कानातले बारीक खडे जागचे हलतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. हेडसेटमध्ये त्यात आणखी भर पडते. डोळे सांगतात आपण वळतोय, कान सांगतात आपण खुर्चीत बसलोय, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. हे तरुणांनाही होतं, मला जरा जास्त. पण विमानात मी याच्यावर तोड काढली होती. त्रास व्हायला लागला की कंट्रोल आणि टॅब या दोन कळा एकदम दाबायच्या. व्हीआर बंद, चित्र समोरच्या मॉनिटरवर. विमान तिथंच, त्याच उंचीवर, त्याच वेगाने चाललेलं असतं. नातवाला कळतसुद्धा नाही. नव्या गेममध्ये ही सोय नाही. तिथे हेडसेट काढला म्हणजे तुम्ही गेममधून गेलात.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो सॉफ्टवेअरमधलाच माणूस, म्हटलं काही उपाय सुचवेल. त्याने उपायाऐवजी मोठी ईमेल पाठवली. त्यातले मुद्दे असे. एक, दोन्हीकडे चालेल असा गेम केला की तो धड इकडचा राहत नाही ना धड तिकडचा, दोन दगडांवर पाय. दोन, लहान कंपन्यांना दोन्ही करणं परवडत नाही. तीन, बाहेर यायचं दार उघडं ठेवलं की माणूस पूर्णपणे आत जातच नाही, आणि पूर्ण आत जाणं हाच तर व्हीआरचा अर्थ. आणि शेवटी, "मावशी, राग मानू नकोस, पण तुझ्या वयाच्या किती जणी खेळतात?"

राग नाही मानला रे. उत्तर मात्र इथे देते, चारचौघांत.

पहिल्यांदा एक गोष्ट कबूल करते. व्हीआरला नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. आमच्या ह्यांचे मित्र येतात आणि मला बघून "डोक्याला डबडं बांधून बसलात का?" म्हणून हसतात, त्यांच्या बाजूची तर अजिबात नाही. इतकी वर्षं मी फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढला. डावीकडे निळा समुद्र, मग कोकणची चिंचोळी पट्टी, मग एकदम उभा चढ, आणि उजवीकडे पठाराचा मंद उतार. 'पश्चिमेकडे तीव्र, पूर्वेकडे मंद' हे वाक्य हजारो मुलांकडून घोकून घेतलं. पण पहिल्यांदा हेडसेट घालून महाबळेश्वरच्या पुढे गेले, खाली बघितलं, आणि पायाखालची जमीन एकदम हजारभर मीटर खाली गेली तेव्हा पोटात खड्डा पडला. तेव्हा मला माझं स्वतःचं वाक्य कळलं! मॉनिटरवर तोच घाट मी कितीतरी वेळा ओलांडला होता, तिथे ते नुसतं सुंदर चित्र होतं.

विमान उतरवतानाही तेच. मॉनिटरवर धावपट्टी नक्की किती खाली आहे याचा अंदाज यायचा नाही, दर वेळी दणकन आपटायची. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळाली, खोली दिसू लागली, आणि तिसऱ्याच दिवशी माझं विमान अलगद टेकलं. तेव्हा भाच्या, व्हीआर काय देतं ते मला सांगू नकोस. मी घेतलेलं आहे.

पण व्हीआर काय काढून घेतं, तेही मी बघितलं आहे. कीबोर्ड दिसत नाही, एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपडत बसावं लागतं. नकाशावरची बारीक अक्षरं धूसर दिसतात. चष्मा आत नीट बसत नाही. जवळच्या वस्तूकडे बघताना डोळे आत वळतात, पण नजर मात्र भिंगाने ठरवलेल्या एकाच अंतरावर जुळवावी लागते. तासभर असं केलं की कपाळ दुखतं. मे महिन्यात घामाचं तर विचारूच नका. शेजारी बसलेल्या माणसाला मॉनिटरवर आपलं दृश्य दिसतं खरं, पण ते आपल्या डोक्याबरोबर गदागदा हलत असतं. आमचे हे दोन मिनिटांत "तू जा एकटीच रत्नागिरीला" म्हणून उठून गेले.

म्हणून मी दोन्ही वापरते. उड्डाण हेडसेटमध्ये. पुणं मागे पडलं की मॉनिटर, म्हणजे नकाशा बघता येतो, चहा घेता येतो, ह्यांना शेजारी बसता येतं. घाट आला की पुन्हा हेडसेट. कोकणात उतरल्यावर मॉनिटर. आणि शेवटची पाच मिनिटं, धावपट्टीसाठी, परत हेडसेट. तासाभरात चार वेळा अदलाबदल! याला कुणी दोन दगडांवर पाय म्हणत असेल तर म्हणो. मी याला शिकवणं म्हणते.

कसं ते सांगते. भूगोलाच्या तासाला मी वर्गात दोन गोष्टी घेऊन जायचे, गुंडाळलेला नकाशा आणि पृथ्वीगोल. मर्केटरने १५६९ मध्ये जगाचा नकाशा काढला, तो खलाशांना फार सोयीचा, पण त्यात ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. मुलं फसायची. मग गोल फिरवून दाखवायचा, ग्रीनलंड आफ्रिकेपुढे तर किरकोळच, आपल्या भारतापेक्षाही लहान आहे. मुलांचे डोळे विस्फारायचे. पण मग गोल बाजूला ठेवून पुन्हा नकाशाच उलगडायचा, कारण गोलावर साताऱ्याचे तालुके दिसत नाहीत, आणि एका वेळी अर्धंच जग दिसतं. गोलाने आकार कळतो, नकाशाने तपशील. एका तासात मी चार वेळा इकडून तिकडे जायचे. 'गोल आणलाय ना, मग आता नकाशा बघितला तर गोलाचा अनुभव कमी होईल', असं कुठल्याही हेडमास्तरांनी मला सांगितलं नाही. आणि गोल बघायला वर्गातून बाहेर जाऊन, दप्तर रिकामं करून, पुन्हा हजेरी देऊन यावं लागत नव्हतं.

गेमवाले नेमकं तेच करायला लावतात. कितीतरी गेम दोन्हीकडे चालतात, पण कसे? गेम बंद करा. हेडसेटचा प्रोग्रॅम सुरू करा. मग स्टीमव्हीआर. मग खोलीची सीमा आखा. मग गेम पुन्हा सुरू करा, 'व्हीआर' निवडा, लोड व्हायची वाट बघा. चहा गार होतो, आणि बरोबरचं विमान तोवर रत्नागिरीला पोचलेलं असतं. अशी सोय म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि पत्ता द्यायचा नाही.

आता भाच्याचा तांत्रिक मुद्दा. "मावशी, व्हीआरला फार ताकद लागते, ते नुसतं बटण दाबण्याइतकं सोपं नाही." मान्य. मी गणित मांडून बघितलं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. विमानाच्या गेमला सेकंदाला ३० चित्रं पुरतात. २०१६ साली आलेल्या पहिल्या ऑक्युलस रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्याला १०८० गुणिले १२००, दोन्ही मिळून सुमारे २६ लाख, आणि चित्रं सेकंदाला ९०. म्हणजे एक चित्र काढायला जेमतेम ११ मिलिसेकंद, आणि एकूण काम पावणेचारपट. नव्या हेडसेटमध्ये त्याहून जास्त. तेव्हा एकाच सेटिंगवर दोन्ही चालणार नाही, हे खरं. पण म्हणूनच फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ग्राफिक्सची सेटिंग दोन वेगळी ठेवता येतात, एक मॉनिटरची, एक व्हीआरची. कळ दाबली की त्याची ती लागू होते. हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आला, व्हीआर त्यात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं, तेही फुकट अपडेटमधून. अख्खी पृथ्वी मांडणाऱ्या गेमला जमतं, मग चार खोल्यांच्या गेमला का जमू नये? कठीण आहे म्हणा, अशक्य म्हणू नका. नाचता येईना, अंगण वाकडं.

एक अपवाद मी करते. ज्या गेममध्ये हात हाच गेम आहे, तिथे माझा हट्ट नाही. व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' मार्च २०२० मध्ये फक्त व्हीआरसाठी आला. त्यात वस्तू उचलायच्या, उलटसुलट करायच्या, ड्रॉवर उघडून चाचपायचे. माऊसने ते करण्यात काय राम? तो त्यांनी वेगळा ठेवला, ठीक आहे. (हौशी लोकांनी तोही मॉनिटरवर चालवून दाखवला, ते सोडा.) पण जिथे माणूस खुर्चीत बसून विमान, मोटार किंवा अंतराळयान चालवतो, तिथे मॉनिटरला 'नाही' म्हणायला कारणच नाही. 'एलिट डेंजरस' २०१४ पासून दोन्हीकडे चालतो. 'स्टार वॉर्स: स्क्वॉड्रन्स' २०२० मध्ये आला, अख्खा गेम दोन्हीकडे, आणि हेडसेटवाले नि मॉनिटरवाले एकाच लढाईत. त्याच वर्षीच्या 'फॅस्मोफोबिया'त तर भूत शोधायला चौघं जातात, त्यात हेडसेट कुणी घातलाय नि कुणी नाही, याची भुतालाही पर्वा नसते!

परवडत नाही, हा दुसरा मुद्दा. स्टीमच्या मासिक पाहणीत व्हीआर हेडसेटवाले लोक गेली काही वर्षं शंभरात दोनच्या आसपास असतात. म्हणजे फक्त व्हीआरचा गेम काढणारा पहिल्याच दिवशी अठ्ठ्याण्णव गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवतो, आणि वर परवडत नाही म्हणतो. उलट त्या अठ्ठ्याण्णवांच्या पैशावरच दोघांची चैन चालेल. पण तिथेही दुसरं टोक आहे. 'स्कायरिम' हा २०११ चा गेम. त्याची व्हीआर आवृत्ती पीसीवर २०१८ मध्ये आली, स्वतंत्र गेम म्हणून, स्वतंत्र किमतीला. 'फॉलआउट ४'चंही तेच, २०१७ मध्ये. ज्याने आधी विकत घेतलाय त्याने पुन्हा पैसे मोजायचे. नकाशा घेतलेल्याला गोल दाखवायची वेगळी फी! आणि 'नो मॅन्स स्काय'वाल्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये व्हीआर सगळ्यांना फुकट दिलं, गेम तोच, खेळाडूची आधीची कमाई तीच. तेव्हा ज्याला करायचं आहे तो करतो.

आणखी एक गोष्ट, तरुणांनी ऐकावी अशी. हेडसेट म्हातारा होतो. विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेट २०१७ मध्ये बाजारात आले. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती व्यवस्था बंद करणार असल्याचं जाहीर केलं, आणि २०२४ च्या विंडोज ११च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. तिथे ते हेडसेट अधिकृतपणे चालेनासे झाले. काच शाबूत, वायर शाबूत, आणि तरी अडगळ. ज्यांचे गेम दोन्हीकडे चालत होते ते मॉनिटरवर परतले. ज्यांचे फक्त व्हीआरमध्ये होते, ते हेडसेट बदलेपर्यंत बाहेर. हे सगळे काही चौऱ्याहत्तर वर्षांचे नव्हते, भाच्या.

आता तिसरा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात पोकळ. म्हणे दार उघडं असलं की माणूस आत जात नाही. डोक्यावर घालायचं पहिलं असं यंत्र इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेत १९६८ मध्ये केलं. छतापासून आलेल्या यांत्रिक दांड्याला ते जोडलेलं होतं. त्यात रेषांनी काढलेल्या आकृत्या दिसायच्या, आणि त्यांच्या पलीकडे खरी खोलीही दिसायची! म्हणजे मूळपुरुषानेच खोली पुसली नव्हती. पुसली ती पुढच्यांनी. आता नव्या हेडसेटमध्ये बाहेरची खोली दाखवणारे कॅमेरे बसवलेले असतात. म्हणजे खोली लागते, हे त्यांनाही पटलंय. (माझ्या कानातल्या खड्यांना मात्र त्या कॅमेऱ्यांचा काही उपयोग नाही.)

आणि पूर्ण आत जाणं परवडतं कुणाला? डोळे-कान झाकून तासभर बसणारा माणूस गृहीत धरतो, की बेल वाजली तर दार उघडायला घरात दुसरं कुणीतरी आहे. दूध उतू गेलं तर गॅस बंद करायला कुणीतरी आहे. मूल रडलं तर घ्यायला कुणीतरी आहे. ते 'कुणीतरी' सहसा कोण असतं, हे बायकांना सांगायला नको. माझ्या सुनेला हा हेडसेट मनापासून आवडतो, पण ती कधीच तो वीस मिनिटांच्या वर घालत नाही. तिला व्हर्टिगो नाही. तिला घर आहे. तिच्यासाठीही ती कळ आहे. एका डोळ्याने कमी दिसणाऱ्यासाठी आहे, अर्धशिशीवाल्यासाठी आहे, आणि ज्याच्याकडे हेडसेट घ्यायला पैसे नाहीत पण मित्रांबरोबर खेळायची इच्छा आहे, त्याच्यासाठी आहे. वय हा प्रश्नच नाही. माझ्या वयाच्या किती जणी खेळतात हे मला माहीत नाही, पण दार बंद ठेवून आत किती आले ते मोजायचं नसतं.

तर मंडळी, माझी मागणी फार मोठी नाही. बसून खेळायच्या गेममध्ये व्हीआर आणि मॉनिटर दोन्ही असावं. एकातून दुसऱ्यात गेम न थांबवता एका कळीने जाता यावं. दोघांची सेटिंग वेगळी लक्षात ठेवावीत. किंमत एकच, आणि हेडसेटवाल्यांनी नि बिनहेडसेटवाल्यांनी एकत्र खेळावं. ज्यांनी हे केलंय त्यांचे गेम घ्या, आणि ज्यांनी केलं नाही त्यांना तसं लिहून कळवा. आपण मराठी माणसं घरात बडबडतो आणि दुकानात गप्प बसतो.

आणि अरे नातवा, आजीचं लिखाण तू वाचतोस असं तुझी आई सांगते. मित्रांबरोबर खेळ, मी कुणाच्या आड येत नाही. मी हे कंपन्यांसाठी लिहिलंय, तुझ्यासाठी नाही. पण महिन्यातला एखादा रविवार मोकळा असला तर सांग. सात वाजता मी पुण्याच्या धावपट्टीवर इंजिन सुरू करून थांबेन. हेडसेट घालायचा की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं.

असो. फार लांबलं. तुमचे अनुभव, आणि विरोधी मतंसुद्धा, जरूर कळवा. भाच्यालाही उत्तर द्यायची पूर्ण मुभा आहे, फक्त या वेळी थोडक्यात.

लोभ आहेच, तो वाढावा.